इंग्रजी उपपदांची पूर्वपीठिका

अनिश्चित उपपद ‘ए’ हे असून स्वरोच्चारापूर्वी त्याचे ‘ॲन’ होते, असा नियम शालेय इंग्रजी व्याकरणांत सांगितला जातो. व्यवहारापुरता तो बिनचूक आहे. परंतु इतिहास नेमका ह्याच्या उलट आहे.

प्राचीन इंग्रजीत ‘आन’ हे ‘एक’ ह्या अर्थाचे संख्याविशेषण होते. आघातयुक्त उच्चारात त्याचे पुढे ‘वन’ झाले. आघातहीन उच्चारात स्वर ऱ्हस्व होऊन ‘ॲन’ उरले. सुमारे ११५० नंतर व्यंजनापूर्वीचा नकार लोपू लागला. म्हणजे ‘ॲन’ हे जुने रूप व ‘ए’ हे त्याचेच झिजलेले रूप होय. ही झीज सावकाश झाली. १६११ च्या बायबलच्या भाषांतरात ‘हंड्रेड’ व ‘हाउस’ ह्यांपूर्वीही ‘ॲन’ आढळते. नकार उपपदाचा की नामाचा, ह्याविषयी बोलणाऱ्यांचाही घोटाळा होई. ‘ए नॅपरन’चे ‘ॲन एप्रन’ झाले, तर ‘ॲन एकनेम’मधील नकार नामास चिकटून ‘निकनेम’ हा शब्द सिद्ध झाला.

निश्चित उपपदाचे मूळ दर्शक सर्वनामात आहे. प्राचीन इंग्रजीत त्याची प्रथमेची एकवचनी रूपे पुल्लिंगी ‘से’, स्त्रीलिंगी ‘सेओ’ व नपुंसकलिंगी ‘थॅट’ अशी होती. संस्कृतातील ‘सः, सा, तत्’ ही त्यांचीच भावंडे होत. इतर विभक्तींतील थकारादी रूपांच्या सादृश्याने ‘से’ची जागा ‘थे’ने घेतली, व्याकरणिक लिंगभेद लोपल्यावर सर्वत्र एकच ‘द’ उरले आणि ‘दॅट’ दर्शकार्थाने वेगळे राहिले. मराठीतही सकारादी रूपे मागे पडून ‘तो, ती, ते’ रूढ झाली. दोन्ही भाषांनी सकार टाकला. परंतु इंग्रजीने दर्शकाचे उपपद बनविले, तर मराठीने ते दर्शकच ठेवले.

लॅटिनमध्ये उपपद नाही. त्यामुळे लॅटिनच्या नमुन्यावर इंग्रजीचे व्याकरण रचणाऱ्यांपुढे उपपदांना स्थान कोठे द्यावे, हा प्रश्न होता. १६४० मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या बेन जॉन्सनच्या व्याकरणात लॅटिनच्या आठ शब्दजातींना उपपदाची नववी जोड दिलेली आहे.

हा इतिहास अध्यापनास निरुपयोगी नाही. कथेच्या आरंभी ‘एक राजा होता’ असे म्हणून पुढे ‘त्या राजाला’ म्हणणारा मराठी भाषक अनिश्चित व निश्चित हा भेद जाणतोच. मात्र मराठीत त्यासाठी शब्द योजणे ऐच्छिक आहे. ‘सूर्य उगवला’ म्हणताना सूर्याच्या आधी काहीच लागत नाही. इंग्रजीत तेथे ‘द’ अनिवार्य आहे. म्हणून उपपद गाळणाऱ्या विद्यार्थ्यास निष्काळजी म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याला भेद नव्याने शिकवावयाचा नसून, जो भेद त्याची भाषा बहुधा प्रसंगावर सोपविते, तो इंग्रजीत शब्दाने दाखवावा लागतो, एवढेच त्याच्या ध्यानी आणून द्यावयाचे आहे.