स्पॉक परत आला, पण फुकटात नाही

आज जाऊया १९८२ च्या अमेरिकेत. ‘स्टार ट्रेक’चा दुसरा सिनेमा, ‘द रॅथ ऑफ खान’, येणार होता. त्यात टोकदार कानांचा आपला स्पॉक मरणार, ही बातमी आधीच फुटली आणि चाहते जाम भडकले. १९६८ मध्ये पत्रांचा पाऊस पाडून बंद पडणारी मालिका वाचवणारी हीच जमात! मग दिग्दर्शक निकोलस मेयरने सुरुवातीलाच स्पॉकला मारून टाकलं. तो निघतो नुसता सराव. प्रेक्षक हुश्श करतात, आणि शेवटी तो खरंच जातो. जहाज वाचवायला रेडिएशनमध्ये शिरतो. काचेपलीकडे कप्तान कर्क नुसता बघत राहतो.

पण जाण्याआधी स्पॉकने डॉक्टर मॅकॉयच्या चेहऱ्याला हात लावलेला असतो. १९८४ च्या तिसऱ्या सिनेमात कळतं, त्याने आपला आत्माच तिथे ठेवलाय. आमच्या भाषेत बॅकअप! परत आणायचंच होतं तर रडवलं कशाला, असं म्हणणारे आजही भेटतात.

मला नाही पटत. त्या सिनेमात कर्क आपलं लाडकं एंटरप्राइझ जहाज स्वतः उडवतो, पोटचा मुलगा गमावतो. स्पॉक फुकटात मिळत नाही.

आता २०१३ चा ‘इनटू डार्कनेस’ बघा. तोच प्रसंग, फक्त उलटा: मरतो कर्क, काचेपलीकडे स्पॉक. थोड्याच वेळात खानच्या रक्ताने कर्क ठणठणीत! बिल कोणी भरलं? कोणीच नाही. तिथे मी ढिम्म बसून होतो. जुना प्रसंग लागला की मात्र, पुढचं सगळं माहीत असूनही, आवंढा येतोच.