छपराखालच्या जिप्सम बोर्डाची कुळकथा

लोखंडी पत्र्याच्या छपराला आगीचं भय नाही, ही समजूत १२ ऑगस्ट १९५३ रोजी मोडली. डेट्रॉइटजवळच्या लिव्होनियात जनरल मोटर्सचा गिअरबॉक्स बनवणारा कारखाना होता, एका छपराखाली सुमारे ३४ एकर. गॅस कटरची ठिणगी कन्व्हेयरखालच्या ट्रेमध्ये साठलेल्या तेलकट द्रवावर पडली आणि ज्वाळा छपराला भिडल्या. पत्रा पेटला नाही. मात्र त्यावर पसरलेलं डांबर तापून वितळलं, सांध्यांतून खाली गळू लागलं आणि पेटत्या धारांनीच आग पुढे नेली. वाटेत आग अडवणारी भिंत नव्हती. कारखाना बेचिराख झाला, माणसं दगावली.

त्यानंतर अंडररायटर्स लॅबोरेटरीज आणि फॅक्टरी म्युच्युअल या तपासणी करणाऱ्या संस्थांनी १०० फूट लांबीची इमारत उभारून, खालून आग लावून छपरं तपासली. माझ्या मते या कथेतलं खरं वळण हेच: सुट्या मालाऐवजी पत्रा, डांबर, उष्णतारोधक थर अशी सगळी बांधणीच कसोटीला लागली.

पत्रा आणि जळाऊ थर यांच्यामध्ये काय घालायचं, याचं एक उत्तर जुनंच होतं. ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये कागद आणि प्लास्टरच्या थरांच्या बोर्डाचं पेटंट घेतलं होतं. गणेशमूर्तींमुळे आपल्या ओळखीचं प्लास्टर ऑफ पॅरिस ज्या जिप्समपासून होतं, तेच या बोर्डात असतं. जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा स्फटिकांत बांधलेलं पाणी असतं. अर्धा इंच जाडीच्या चौरस मीटरभर बोर्डात ते दीड-दोन लिटर भरतं. आच लागली की हे पाणी वाफ होऊन सुटतं आणि उष्णता त्यातच खर्ची पडते. चुलीवरचं भांडं पाणी आटेपर्यंत करपत नाही, तसंच. तोवर बोर्डाची दुसरी बाजू शंभर अंशांच्या आसपास राहते.

पुढे छपरांवर उष्णतारोधक म्हणून फोम आला आणि बोर्डाची गरज वाढली. कागदाला मात्र ओल सोसत नव्हती. १९८० च्या दशकात त्याच्या जागी काचतंतूंचं आवरण आलं.

आज बोर्ड निवडताना आधी तो कुठे बसणार ते ठरवावं. खालच्या आगीपासून फोम वाचवायचा तर तो थेट पत्र्यावर हवा. बाहेरून पडणाऱ्या ठिणग्यांसाठी छपराच्या सर्वांत वरच्या आवरणाखाली. गळतीचा संभव असेल तर कागदी आवरणाचा स्वस्त बोर्ड घेऊच नये. आणि विक्रेत्याकडून नुसत्या बोर्डाचा नव्हे, पूर्ण बांधणीचा चाचणी अहवाल मागावा. फोमची जाडी किंवा चिकटवण्याची पद्धत बदलली, तर तो अहवाल त्या छपराला लागू पडतो का, हे लेखी विचारावं.