महाजन, सोसायटी व संघ : हुबळी परिसरातील सामुदायिक अर्थव्यवहाराचा मागोवा

देवस्थानाच्या स्मरणिकेत देवालयाचा, मूर्तीचा व उत्सवांचा इतिहास यावा हे साहजिकच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. ज्या नावाने आपण एकत्र येतो ते 'महाजन' हे नाव या मुलखात पूर्वी कोणत्या कामाशी निगडित होते, आणि ते काम पुढे कोणी व कोणत्या रीतीने चालविले, एवढेच येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गोकुळ हे हुबळी तालुक्यातील एक खेडे. त्याकडे जाणारा तो गोकुळ रोड. आज या रस्त्यावर औद्योगिक वसाहत आहे, किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना आहे, वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाचे मुख्य कार्यालय आहे आणि पुढे विमानतळ आहे. या रस्त्याने रोज जाणाऱ्या आपल्या तरुण मंडळींस, भोवतालच्या काळ्या रानातील खेड्यांनी एकत्र येऊन काय काय उभे केले, याची कल्पना क्वचितच असते.

गदगजवळचे लक्कुंडी हे गाव आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. अत्तिमब्बेने इ. स. १००७ मध्ये बांधविलेले ब्रह्म जिनालय आणि काशीविश्वेश्वराचे देवालय यांकरिता ते प्रसिद्ध आहे. चालुक्यकालीन शिलालेखांत या गावाचे नाव लोक्किगुंडी असे येते, आणि त्याच्या जोडीने येतात ते तेथील 'सासिर्वरु', म्हणजे एक सहस्र महाजन. अशा अग्रहारांतील महाजनांची सभा ही केवळ विद्वानांची मंडळी नव्हती. दान दिलेल्या जमिनी तिच्या हवाली होत, देवालयाच्या नंदादीपाचा व अन्नसत्राचा खर्च ती सांभाळी, आणि गावच्या तळ्याची चिंताही तीच वाही. तळ्याच्या दुरुस्तीसाठी जमीन किंवा उत्पन्नाचा वाटा तोडून देण्याची रीत कर्नाटकात होती. तिला 'बित्तुवट्ट' असे नाव आहे. तळे फुटले तर शेत गेले, आणि शेत गेले तर देवाचा नैवेद्यही गेला, हे त्या मंडळींस पक्के ठाऊक होते. देऊळ आणि तळे यांचा हिशेब एकाच सभेपुढे येत असे, ही गोष्ट मला त्या शिल्पवैभवाइतकीच महत्त्वाची वाटते.

गोव्याकडे मूळ असलेल्या महाजन कुटुंबांस हीच व्यवस्था गावकरी या नावाने परिचित आहे. खाजण जमिनीचे बांध व मानशी राखणे, गावची जमीन पावणीने खंडास देणे, त्या उत्पन्नातून देवस्थानाचा व गावकामगारांचा खर्च भागविणे आणि उरेल ते जणांत वाटून घेणे, असा तिचा क्रम होता. पोर्तुगीज अमलातील अधिकारी अफोंसो मेक्सिया याने १५२६ साली हे रिवाज लेखी नोंदविले, तेव्हा ते जुनेच होते. पुढे सरकारने १८८६ साली देवस्थानांच्या महाजनकीसाठी स्वतंत्र नियमावली केली. त्यानंतर महाजन म्हणजे देवालयाचे व्यवस्थापक, हाच अर्थ अधिक रूढ होत गेला. देऊळ आपल्याकडे राहिले, बांध आणि तळे मात्र हळूहळू दुसऱ्यांकडे गेले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. पूर्वजांच्या या संस्थांचा अभिमान धरताना त्यांतील उणेपण झाकू नये. अग्रहाराच्या सभेत जमीन कसणारा कुणबी सभासद म्हणून बसत नव्हता. गावकरीतील जण हा जन्माने व पुरुषवंशाने मिळे. चिखलात उभा राहून बांध घालणारा मजूर त्यात नसे. सामुदायिक काम होते, परंतु समुदायाची वेस आधीच आखलेली होती. आपण ज्यास परंपरा म्हणतो तिच्या बळाचे व दौर्बल्याचेही मूळ मला येथेच दिसते.

ही वेस ओलांडली गेली ती गदग तालुक्यातील कणगिनहाळ या लहानशा गावी, १९०५ साली. त्या वेळी गदग धारवाड जिल्ह्यातच होते आणि धारवाड मुंबई इलाख्यात. १८७६-७८ च्या दुष्काळाची आठवण ताजी होती, शतकाच्या अखेरीस पुन्हा दोन दुष्काळ येऊन गेले होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात धारवाडच्या कापसास सोन्याचा भाव आला आणि १८६५ नंतर तो कोसळला. त्या चढउतारात अनेक शेतकरी सावकाराच्या वहीत अडकले ते अडकलेच. पुणे व नगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. सरकारने त्यानंतर कायदे केले. परंतु कायद्याने सावकाराचा हात आखडला, तरी शेतकऱ्यास बी-बियाण्याला पैसा कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आला. एका गावातील किमान दहा माणसांनी एकत्र येऊन संस्था काढावी, ग्रामीण संस्थेत पाचांत चार सभासद शेतकरी असावेत, नफा वाटून न घेता गंगाजळीत टाकावा आणि देण्याची जबाबदारी सर्वांची मिळून व अमर्याद असावी, असे त्याचे मुख्य कलम होते.

सिद्दनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने कणगिनहाळची संस्था या कायद्याखाली निघाली. देशातील अगदी पहिल्या कृषी पतसंस्थांत तिची गणना होते. 'अमर्याद जबाबदारी' हे शब्द आज कागदावर सौम्य दिसतात, पण त्यांचा अर्थ असा की शेजाऱ्याने कर्ज बुडविले तर आपली बैलजोडी जाऊ शकते. अशा अटीवर सही करणारा माणूस सभासदाची जात वा घराणे पाहून थांबत नाही. तो आपल्या शेजाऱ्याची शेती कशी आहे, तो दारू पितो काय, मुलीच्या लग्नात त्याने किती उधळले, हे पाहतो. बँकेच्या साहेबास जी माहिती हजार रुपये खर्चूनही मिळाली नसती, ती या दहा जणांस पारावर बसल्याजागी मिळत होती. गावाचे परस्परांविषयीचे ज्ञान हेच त्यांचे भांडवल होते. महाजनकी जन्माने येई, येथे मात्र सहीने येता येऊ लागले.

दुसऱ्याच वर्षी, १९०६ साली, मुंबईत श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी काढली आणि १९१५ साली गावदेवीस सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. या दोन्ही संस्था आपल्या वाचकांस घरच्या वाटतील, म्हणून त्यांचा विस्तार करीत नाही. फरक इतकाच सांगावा असे वाटते की, मुंबईत ज्ञातीने एकमेकांचा जामीन घेतला आणि कणगिनहाळात गावाने.

कर्जाचा प्रश्न थोडा हलका झाला तरी कापूस विकावयाचा कोठे, हा प्रश्न उरलाच होता. अडत्याकडे माल टाकावा, त्याने व्यापाऱ्याशी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवावा, आणि वजनात, कडत्यात व धर्मादायात किती गेले ते शेतकऱ्याने घरी जाऊन मोजावे, अशी बाजाराची रीत होती. शिवाय ज्याच्याकडून बियाण्याला पैसे घेतले त्यालाच कापूस घालण्याचे बंधन असे. एकट्या गावाने ही साखळी तुटणारी नव्हती. म्हणून अनेक गावांच्या कापूस उत्पादकांची मिळून एक विक्री संस्था हुबळीस १९१५ साली निघाली. देशातील पहिली सहकारी खरेदी-विक्री संस्था म्हणून तिचे नाव सहकाराच्या पाठ्यपुस्तकांत येते. दोन वर्षांनी गदगेसही तशीच संस्था झाली. सभासदांचा माल प्रतवारीने वेगळा लावणे, उघड लिलाव करणे आणि शेती खात्याने निवडलेल्या गदग नंबर एक व धारवाड नंबर एक या वाणांचे शुद्ध बियाणे गावोगाव पोचविणे, ही कामे या संस्थांच्या द्वारे होऊ लागली. शुद्ध वाणाचा कापूस दुसऱ्यात मिसळला की त्याचा भाव जातो. म्हणजे एका शेतकऱ्याचा प्रामाणिकपणा शेजारच्या गावातील शेतकऱ्याच्या खिशाला लागू होता. अनेक गावांचे एकत्र काम म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येईल असे मला वाटत नाही. १९१६ साली धारवाडास मध्यवर्ती सहकारी बँकही स्थापन झाली आणि गावच्या संस्थांस जिल्ह्याचा आधार मिळाला.

हे सर्व वाचून कोणाची अशी समजूत होऊ नये की सावकारी संपली. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. गोरवाला समितीने १९५४ साली जो अहवाल दिला, त्याच्या सिद्धतेत प्रा. धनंजयराव गाडगीळ हेही सहभागी होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येणारा वाटा जेमतेम तीन टक्के आहे, असे त्यात आढळून आले. पन्नास वर्षांच्या खटपटीचे हे फळ! समितीने शासनास भागीदार करून घेण्याची शिफारस केली. त्यामुळे पैसा आला हे खरे. पण पैशाबरोबर अध्यक्षपदाची चढाओढ आली, आणि कर्ज परत करणे ही शेजाऱ्याविषयीची जबाबदारी न राहता सरकारविषयीची तक्रार बनली. जेथे गावाने स्वतःची ठेव आधी घातली, तेथील संस्था बहुधा टिकल्या. जेथे वरून आलेल्या रकमेच्या वाटपासाठीच संस्था निघाल्या, तेथे पाटी राहिली. हे माझे मत आहे. मतभेदास जागा आहे.

गावकऱ्यांस न विचारता केलेल्या विकासाचे काय होते, याचे उदाहरणही याच जिल्ह्याने पाहिले. मलप्रभेवर नविलुतीर्थ येथे धरण झाले. नवलगुंद-नरगुंदच्या शेतकऱ्यांवर सुधारणा कराचा बोजा पडला, पण अनेकांच्या शेतात पाणी पोचले नव्हते. २१ जुलै १९८० रोजी आंदोलनाचा भडका उडाला, गोळीबारात माणसे गेली, आणि त्यातून राज्यात रयत संघाची चळवळ उभी राहिली. त्याच भागात अलीकडे, २००७ नंतर, देशपांडे फाउंडेशनने शेततळ्यांचे काम केले. आपल्या शेतात, आपल्या देखरेखीखाली खणलेले तळे असल्याने त्याची निगा कोणी राखावी, हा वाद तेथे उपस्थित होत नाही. लक्कुंडीच्या महाजनांस ते परके वाटले नसते.

आपल्या कुटुंबांकडे वळतो. १ मार्च १९७४ पासून कर्नाटकात सुधारित जमीन कायदा लागू झाला आणि कुळांनी फॉर्म नंबर सात भरले. गोव्यात १९७६ च्या दुरुस्तीने कुळास मालकी मिळाली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी व देवस्थानांच्या दप्तरी त्या साली काय झाले, हे नव्याने सांगावयास नको. वडील पिढीने ते दुःख मनात ठेवले, आणि त्यात कृत्रिम काही नव्हते. खंडावर चालणाऱ्या घरांत एकाएकी चूल थंडावली. परंतु आणखी एक गोष्ट त्या वर्षी घडली, तिची नोंद फारशी झाली नाही. कूळ आणि महाजन यांच्यामधला व्यवहार संपला, तसा संबंधही संपला. उत्सवास आपण मोटारीने जातो, देवदर्शन घेतो, प्रसाद घेऊन परततो. गावच्या सोसायटीचा सचिव कोण, बांध कोण राखतो, हे विचारावयास कोणी थांबत नाही. देवस्थानाची ठेव ही देवाची. तिचा धंदा करावा असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. पण महाजन कुटुंबांनी आपली स्वतःची बचत घालून, जुन्या कुळांच्या मुलांसह, कुलदेवतेच्या गावच्या पतसंस्थेत सभासद होण्यास कोणता कायदा आड येतो? सर्वसाधारण सभेत रंगकामाच्या खर्चावर दोन तास चर्चा होते. या विषयास अर्धा तास मिळावा, एवढीच सूचना.

आता बेंगेरीकडे. गोकुळ रोडवरून शहर ओलांडले की तेथील कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ लागतो. राज्यभर विखुरलेल्या खादी संस्थांनी मिळून १९५७ साली तो स्थापन केला. त्याच्या आधी, १९५४ साली, धारवाड तालुक्यातील गरग येथे क्षेत्रीय सेवा संघ सुरू झाला होता आणि गरगच्या कापडाचे राष्ट्रध्वज देशभर जात होते. पुढे चालू शतकाच्या पहिल्या दशकात बेंगेरीच्या संघास मानक संस्थेच्या प्रमाणपत्रानुसार ध्वज तयार करण्याचे काम मिळाले. त्याचे कापड बागलकोट जिल्ह्यातील तुळसगिरी येथे विणले जाते. सूतकताई, विणकाम, रंगकाम, चक्राची छपाई, शिलाई आणि दोरी बसविणे, असे टप्पे एकामागून एक होतात. सहा इंच बाय चार इंच येथपासून एकवीस फूट बाय चौदा फूट येथपर्यंत ध्वजाचे नऊ आकार आहेत. काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यांच्या हातून गेलेला ध्वज लाल किल्ल्यावर चढतो, आणि त्यांचे वेतन मात्र नगावर मोजले जाते.

डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजास परवानगी मिळाली. स्वस्त ध्वज घरोघर पोचले, हे खरे. परंतु कताईपासून शिलाईपर्यंतची जी साखळी तुळसगिरी व बेंगेरी या दोन गावांना जोडते, तिच्या मागणीवर त्याचा आघात झाला आणि संघाने त्याविरुद्ध उघडपणे आवाज उठविला. छपाईच्या टेबलावरची रीत मात्र बदललेली नाही. चक्राच्या चोवीस आऱ्या कापडाच्या दोन्ही अंगांना एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. जरा सरकल्या, की तो नग बाजूला काढला जातो.