लाईट आणि करंट

वीज गेली की आमच्या आदिलाबादेत दोन वाक्ये एकाच वेळी कानावर येतात. मराठी घरातून आवाज येतो, 'लाईट गेली'. शेजारच्या तेलुगू घरातून, 'करंट पोयिंदि'. गोष्ट एकच. पण आपण विजेला उजेडाच्या नावाने ओळखतो, तर शेजारी तिला शक्तीच्या नावाने. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला असे वाटू लागले आहे की, आपल्या जिल्ह्यातील विजेची सारी कहाणी या दोन शब्दांमधल्या अंतरात मावते. गावात लाईट आली तरी लहान धंदेवाल्याच्या हाती भरवशाचा करंट यायला पुढे फार वर्षे जावी लागली.

निजामी राजवटीत हैदराबादेस हुसेनसागरच्या काठी १९२० साली औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, ते राजधानीसाठी. बेल्लमपल्लीचा कोळसा आमच्या जिल्ह्याच्या पोटातून निघत होता, पण खेड्यापाड्यांत रॉकेलची चिमणीच होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. सोयरीक जुनीच राहिली, राज्ये मात्र दोन झाली. विजेची मंडळेही दोन झाली : १९५९ साली आंध्र प्रदेशचे, १९६० साली महाराष्ट्राचे. १९६९ साली केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन केला आणि तारा खेड्यांकडे वळल्या.

विजेने लहान धंद्यात नेमके काय बदलले, हे समजून घ्यायचे असेल तर पिठाच्या गिरणीकडे पाहावे. माझ्या लहानपणी पैनगंगेच्या काठच्या आमच्या गावी गिरणी ऑईल इंजिनावर चाले. हँडल मारून इंजिन सुरू करायचे, डिझेल तालुक्याहून आणायचे. त्यामुळे एका पायलीसाठी इंजिन लावणे मालकाला परवडत नसे. पुरेसे डबे जमेपर्यंत आयाबाया ओट्यावर खोळंबून बसत. मोटर आली आणि एका पायलीसाठीही बटण दाबता येऊ लागले; दळण संपले की बंद. फरक दिसायला किरकोळ, पण लहान धंद्याचे मर्म त्यातच आहे. वाफेचे इंजिन भांडवलदाराचे असे. जुन्या जिनिंग कारखान्यांत एका इंजिनावर एक लांब शाफ्ट फिरे आणि पट्ट्यांनी जोडलेले जीन ओळीने चालत. मोटरने त्या शक्तीचे लहान लहान वाटे केले. पाच अश्वशक्तीचा वाटा सुतारालाही घेता येतो आणि मिरची कांडणाऱ्यालाही.

परंतु अशा मोटरला थ्री फेज लागतो. घरातले दिवे-पंखे सिंगल फेजवर भागतात. शेतीचे पंप आणि गावठाण एकाच फीडरवर असल्याने थ्री फेज यायचा तो शेतीच्या पाळीने, ठरावीक तास. १४ मे २००४ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेताच वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी शेतीला मोफत वीज दिली. शेतकऱ्याला तो आधार होताच, पण तास मोजकेच राहिले. पाळी रात्री दोनची असली तर गिरणीवाल्याने रात्री दोनला दळायचे. गाव उजेडात होते आणि धंदा मात्र घड्याळाकडे डोळे लावून बसला होता.

सरकारी दप्तरात याचा मागमूस नाही, कारण तिथे 'विद्युतीकरण झालेले गाव' या शब्दांची व्याख्याच ढिली होती. १९९७ पर्यंत गावाच्या शिवारात कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की गाव हिशेबात धरले जाई. शेतातला एक पंप पुरे. २००४ साली व्याख्या कडक झाली, तरी दहा टक्के घरांत आणि शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागी वीज असली की भागत असे. किती तास, किती फेज, हा प्रश्न व्याख्येत नव्हताच. २००५ च्या राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेचा फियोना बर्लिग आणि लुई प्रिओनास या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. तीनशे वस्तीच्या गावांत वीज येऊनही लोकांच्या आर्थिक स्थितीत फारसा फरक पडला नाही, दोन हजारांच्या गावांत मात्र चांगला पडला, असे त्यांना आढळले. जिथे गिऱ्हाईक आहे, तिथेच मोटर फिरते.

माझी बहीण किनवटला दिलेली. २००५ नंतरची काही वर्षे तिच्याकडचे भारनियमन मोठे की आमच्याकडचे, यावर आमची पैज लागत असे. पुढे २०१२-१३ मध्ये आंध्रातल्या उद्योगांना 'पॉवर हॉलिडे' सोसावा लागला. आठवड्यातून ठरावीक दिवस यंत्रे बंद. यावर उतारा नव्हता असे नाही. गुजरातने २००३ ते २००६ या काळात ज्योतिग्राम योजनेखाली शेतीचा आणि गावठाणाचा फीडर वेगळा केला. गावाला चोवीस तास थ्री फेज, शेतीला आठ तास. महाराष्ट्रानेही गावठाण फीडर विभक्त करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणात २०१४ नंतर टंचाई ओसरली आणि १ जानेवारी २०१८ पासून शेतीलाच चोवीस तास वीज मिळू लागली.

मग सगळे प्रश्न सुटले का? याचे उत्तर शेजारच्या सिरसिल्ल्यात सापडते. अमेरिकेत १९३५ नंतर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी खेडोपाडी वीज नेली. त्याच धर्तीवर आपल्याकडे १९६९-७० च्या सुमारास पाच वीज सहकारी संस्था प्रयोगादाखल निघाल्या. त्यांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा होती आणि सिरसिल्ल्याचीही. मुळा-प्रवराचा कारभार थकबाकीच्या ओझ्याखाली २०११ साली महावितरणकडे गेला. सिरसिल्ल्याची संस्था टिकली. भिवंडी-सोलापूरला पोटासाठी गेलेले पद्मशाली विणकर यंत्रमागाची विद्या घेऊन परतले आणि त्या गावात हजारो माग खडखडू लागले. पण वीज असूनही २००० नंतरच्या दशकात तिथल्या विणकरांच्या आत्महत्यांनी सारे राज्य हादरले. माग चालत होते, कापडाला भाव नव्हता आणि सावकाराचे व्याज थांबत नव्हते. २०१७ पासून सरकारने बतुकम्मा साड्यांचे काम दिले तेव्हा कुठे त्यांना श्वास घेता आला. सांगायचा मुद्दा असा की, धंद्याला करंटइतकीच बाजाराची आणि रास्त कर्जाचीही गरज असते.

आमच्या मराठी माणसांपुढे आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. एप्रिल २०२१ पासून तेलंगण सरकारने केशकर्तनालये आणि धोबी-लाँड्री यांना महिना २५० युनिट मोफत वीज जाहीर केली. कुटिरोद्योगांसाठी वेगळा, कमी दराचा वर्गही आहे. पण अर्ज तेलुगूत. आमच्याच गल्लीतल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना कुटिरोद्योगाचा दर मागता येतो, हेच कोणी सांगितले नव्हते; त्या अनेक वर्षे दुकानाच्या दराने पैसे भरीत राहिल्या. तेलुगू वाचता येणाऱ्या त्यांच्या मुलीने तो अर्ज केला तेव्हा दर बदलला. म्हणून मी नववीच्या वर्गात दरवर्षी एक तास घरचे वीजबिल वाचायला देतो : वर्ग कोणता, मंजूर भार किती, युनिट किती. मातृभाषा जपावी हे मी आयुष्यभर सांगत आलो. पण राज्याची भाषा न वाचणे ही मातृभाषेची सेवा नव्हे.

आज जिल्ह्याचा कापूस जिनिंगमध्ये सरकी आणि रुई असा वेगळा होतो, आणि १७० किलोंच्या गाठी बांधून बाहेर जातो. सूत बाहेर, कापड बाहेर, आणि त्यामागोमाग आमची शिकलेली मुलेही बाहेर, कोणी हैदराबादेस तर कोणी पुण्याला. उटनूर भागातल्या आदिवासी बायकांनी मोहाच्या लाडवांचा उद्योग उभा करून दाखवला आहे. तुरीची डाळ, सोयाबीनचे पदार्थ, सरकीचे तेल ही कामे तालुक्याच्या गावी का होऊ नयेत? गावागावात बचत गट आहेत, आयटीआय शिकलेली पोरे आहेत आणि खांबावर थ्री फेज आहे. या तिघांची गाठ घालून देणे हे आता वीज मंडळाचे काम राहिलेले नाही. ते आपले आहे.