१२४६ला एका दारात प्रवेश, दुसऱ्यात मज्जाव

काठीच्या राजवाडी होळीची परंपरा १२४६ सालापासूनची, असं अक्कलकुवा तालुक्यात अभिमानानं सांगतात. त्या सालाची शहानिशा इतिहासकारांनी करावी. माझं लक्ष आहे ते चार देवनागरी आकड्यांकडे. जावा या संगणकभाषेत पूर्णांक वाचणाऱ्या 'इंटिजर.पार्सइंट'ला ते दिले, की ते बिनतक्रार वाचतं. अपूर्णांक वाचणाऱ्या 'डबल.पार्सडबल'ला दिले, की ते ही संख्याच नव्हे म्हणून ओरडतं. दोघंही एकाच प्रमाण लायब्ररीतले!

संगणक प्रत्येक अक्षर क्रमांकानं ओळखतो. आस्की या इंग्रजीच्या जुन्या संकेतात शून्य ते नऊ हे अंक ४८ ते ५७ क्रमांकांवर बसतात. अक्षराच्या क्रमांकातून ४८ वजा केले की अंकाची किंमत हाती येते, ही सी भाषेतली जुनी युक्ती. पुढे भारतीय लिप्यांसाठी इस्की आली. तिच्या मांडणीवरून १९९१ साली जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं देवनागरी घेतली आणि आपल्या शून्याला २४०६ क्रमांक मिळाला. गुजरातीचं शून्य त्याच्यापुढे बरोबर ३८४ घरांवर, कारण मांडणी तीच. १९९६ साली जावा आली ती युनिकोड घेऊनच.

मग दुफळी कशी झाली? पार्सइंटला दोनपासून छत्तीसपर्यंत कुठल्याही पायाची संख्या वाचायची असते. म्हणून ते प्रत्येक अक्षराची किंमत 'कॅरॅक्टर.डिजिट'ला विचारतं, आणि त्याला जगभरचे अंक ठाऊक. मराठी तिथं आयतीच आत आली, कुणी आवतण दिलं नव्हतं. पार्सडबल लिहिणाऱ्याच्या हाताला मात्र सीचं वळण असणार. तिथं तुलना फक्त इंग्रजी अंकांशी.

याला विरोधी मत असं, की हे जाणूनबुजून केलंय. दशांशचिन्ह देशोदेशी बदलतं, जर्मनीत तर स्वल्पविराम देतात. म्हणून स्थानिक पद्धतीचे आकडे 'नंबरफॉरमॅट'कडे न्या, असं जावाचे दस्तऐवजच सांगतात. पटलंही असतं. पण त्याच लायब्ररीतलं 'बिगडेसिमल' '१२.५' टिंबासकट घेतं! दशांशाची अडचण त्याला कशी आली नाही? माझ्या मते हे धोरण नव्हे, सवय आहे.

पार्सइंटचा उदारपणाही जरा अतीच. देवनागरी एकापुढे गुजराती दोन लिहिला तरी ते बारा वाचतं. गुजरातच्या सीमेवरच्या तालुक्यात हे सोयीचं वाटेल, पण हिशेबाच्या वहीत नको. पायथॉन निदान एकसुरी आहे: पूर्णांक असो वा अपूर्णांक, देवनागरी चालते. जावास्क्रिप्ट दोन्ही नाकारतं.

मराठी अर्ज वाचणारी प्रणाली जावात लिहीत असाल, तर लायब्ररीच्या भरवशावर राहू नका. आकडे आत घेतानाच एका लिपीत आणा आणि मगच पुढं पाठवा.