कांदा बाजारात विकला, पण सातबारावर दिसलाच नाही : ई-पीक पाहणी म्हणजे नेमकं काय?

फेब्रुवारी २०२३. नाशिक जिल्ह्यात लाल कांद्याचे भाव इतके कोसळले की लासलगावसारख्या मोठ्या बाजारातही क्विंटलला पाचशे-सहाशे रुपये मिळणं मुश्किल झालं. काहींना तर त्याहूनही कमी मिळाले. येवला तालुक्यात एका शेतकऱ्याने होळीच्या दिवशी शेतातल्या कांद्याचीच होळी केली. दिंडोरीहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईकडे निघाला. अधिवेशन सुरू होतं. सरकारने आधी क्विंटलला ३०० आणि मग ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लेट खरीप कांद्यासाठी, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे फार तर ७० हजार रुपये.

अर्ज बाजार समितीत, कागदावर करायचा होता. सोबत विक्रीची पट्टी, बँकेचा तपशील आणि सातबारा. गाडी अडली ती सातबारावर, कारण त्यावर ई-पीक पाहणीतून झालेली कांद्याची नोंद हवी, अशी अट होती. हातात पट्टी आहे, बाजार समितीच्या दप्तरात वजन आहे, पण सातबारावर कांदा नाही, असे शेतकरी गावोगाव निघाले.

ही नोंद असते कुठे?

सातबारा हा खरं तर दोन नमुन्यांचा जोड आहे. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाची ते कळतं, तर गाव नमुना १२ मध्ये त्या जमिनीत कोणतं पीक किती क्षेत्रावर आहे ते कळतं. जमिनीच्या व्यवहारात सगळ्यांचं लक्ष सातवर असतं. बारा आठवतो तो पीक कर्ज, हमीभावाने विक्री किंवा नुकसानभरपाईच्या वेळी.

पूर्वी बारा भरण्याचं काम तलाठ्याचं होतं. त्याने हंगामात शिवारात फिरून पीक बघायचं आणि लिहायचं. पण एका तलाठ्याकडे अनेकदा दोन-तीन गावं. त्यामुळे चावडीत बसूनच मागच्या वर्षीचं पीक पुढे उतरवलं जातं, ही जुनी तक्रार होती. द्राक्षबाग तोडून चार वर्षं झाली तरी सातबारावर द्राक्षं डोलतायत, असले किस्से त्यातूनच आले.

यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. त्यासाठीचं मोबाइल ॲप टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार झालं. शेतकऱ्याने ॲपवर आपलं खातं आणि गट नंबर निवडायचा, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन आणि लागवडीची तारीख भरायची, शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि माहिती अपलोड करायची. फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. २०२२ पासून शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित धरली जाऊ लागली आणि तलाठ्याने फक्त १० टक्के नोंदी तपासायच्या असं ठरलं. चूक झाली तर ४८ तासांत ती दुरुस्त करता येऊ लागली.

कल्पना चांगलीच आहे. आपल्या शेतात काय आहे हे शेतकऱ्याइतकं कोणाला ठाऊक? पण यात एक बदल गुपचूप झाला. नोंद राहिली तर पूर्वी जाब तलाठ्याला विचारता यायचा. आता नोंद राहिली तर ती शेतकऱ्याची चूक ठरते.

रांगड्याची अडचण

नाशिकमध्ये कांदा ढोबळमानाने तीन वेळा येतो : खरिपाचा लाल, लेट खरिपाचा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळ. रांगड्याची लावण साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि काढणी जानेवारीपासून पुढे. ॲपमध्ये मात्र खरीप आणि रब्बी असे ठरलेले हंगाम आणि त्यांच्या ठरलेल्या मुदती. दोन हंगामांच्या सांध्यात येणारं हे पीक नेमकं कुठे भरायचं, हा प्रश्न साधा नाही. त्यात स्मार्टफोन नसणं, शिवारात रेंज नसणं, सर्व्हर न चालणं हे नेहमीचंच. आणि लागवड करताना कोणाला माहीत होतं की मार्चमध्ये अनुदान येणार आणि त्यासाठी ऑक्टोबरमधला फोटो लागणार?

शेवटी अट सैल करावी लागली. ज्यांची नोंद नव्हती त्यांच्यासाठी गावपातळीवरच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या समितीने खात्री करून अहवाल द्यायचा, असं ठरलं. म्हणजे ॲपने जे काम काढून घेतलं होतं, ते पुन्हा गावातल्या माणसांकडेच आलं. सातबारा वडिलांच्या नावे आणि विक्री पट्टी मुलाच्या नावे असेल, तर त्यासाठी शपथपत्राची सोय झाली. अनुदानाचं वाटप सुरू व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडला. नाशिकसारख्या जास्त मागणी असलेल्या जिल्ह्यांत तर पहिल्या टप्प्यात १० हजार रुपयांपर्यंतचीच रक्कम आली.

पुढच्याच वर्षी हाच खेळ विदर्भ-मराठवाड्यात रंगला. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी पाच हजारांच्या मदतीला ई-पीक पाहणीची अट लावली गेली, ओरड झाली आणि २०२४ मध्ये सातबारावरची नोंदही चालेल असं सांगण्यात आलं.

दुसरीकडे काय करतात?

शेजारच्या कर्नाटकने २००० च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पातून जमिनीचे उतारे संगणकावर आणले आणि हस्तलिखित उतारे बंद केले. पीक नोंदीसाठी तिथे शेतकऱ्याबरोबरच गावातल्या तरुणांना मोबदला देऊन शेतोशेती पाठवलं जातं. महाराष्ट्रातही आता केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेच्या ॲपवर हे काम होतं आणि शेतकऱ्याची मुदत संपल्यावर उरलेले गट सहायकांनी पूर्ण करायचे असतात.

तुमच्या घरी शेती असेल तर नोंद झाली की नाही हे बघायला तलाठी कार्यालयात जायची गरज नाही. ‘महाभूलेख’वर सातबारा फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये लागतात. उघडल्यावर नावाच्या खाली, नमुना बारापर्यंत या आणि हंगाम, पीक आणि क्षेत्र तिन्ही वाचा. चुकलं असेल तर अपलोड केल्यापासून ४८ तासांत ॲपवरच दुरुस्ती होते. ती वेळ गेली, की तलाठ्याकडे, म्हणजे २०२४ मध्ये मिळालेल्या नव्या नावानुसार ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.