फुकट आणि मुक्त

इंग्रजीतल्या 'फ्री' या एका शब्दात फुकटही येते आणि मुक्तही. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि लिनक्सचा इतिहास समजून घ्यायला ते फार उपयोगी पडतात. आपल्यापैकी अनेकांची रोजीरोटी ज्या प्रणालीवर चालते, ती सुरुवातीला नुसती फुकट होती. मुक्त झाली ती १९९२ साली.

हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केले की आपण ३८६ जातीच्या पीसीसाठी एक कार्यप्रणाली लिहीत आहोत, निव्वळ हौस म्हणून. सप्टेंबरात ०.०१ ही आवृत्ती त्याने सोर्स कोडसकट दिली. सोबतच्या परवान्यात अट अशी, की वाटणाऱ्याने एक पैसाही घेता कामा नये, अगदी हाताळणीचा खर्चसुद्धा नाही. ऐकायला किती उदार! पण तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हते. बऱ्याच जणांपर्यंत प्रणाली पोचायची ती फ्लॉपीवरून, आणि फ्लॉपीला नि टपालाला पैसे पडत. कुणा हौशी माणसाने शंभर प्रती काढायच्या म्हटल्या तर पदरमोड ठरलेली. फुकटपणाच प्रसाराच्या आड येत होता.

यावरचा तोडगा अमेरिकेत आधीच तयार होता. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतल्या रिचर्ड स्टॉलमनने सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. हा गृहस्थ आपल्या ईमॅक्सची टेप १५० डॉलरला विकत असे! पैसे घेण्याला त्याची हरकत नव्हती, विरोध होता तो लपवाछपवीला. आपले मंडळ दिवाळीच्या फराळाचे दहा डॉलर घेते, पण चकलीची कृती विचारली तर कोणी नाही म्हणत नाही (निदान आमच्या मंडळात तरी). स्टॉलमनने हे कायद्यात बसवले. १९८९ साली आलेल्या त्याच्या जीपीएल परवान्यात कॉपीराइटच उलटा फिरवला आहे: प्रत काढा, बदला, विका, मात्र ज्याला प्रत द्याल त्याला सोर्स कोड आणि हेच सारे हक्कही द्या. माझ्या मते स्टॉलमनच्या सगळ्या प्रोग्रामांपेक्षा ही युक्ती मोठी.

जानेवारी १९९२ मध्ये ०.१२ आवृत्तीबरोबर टोरवाल्ड्सने कळवले की १ फेब्रुवारीपासून लिनक्सला जीपीएल लागू होईल. लोकांचा आग्रह होताच, शिवाय लिनक्स ज्या जीसीसी कंपायलरवर उभे राहिले तो ग्नूचाच होता. आपण केलेली ही सर्वांत चांगली गोष्ट, असे त्याने पुढे म्हटले. पैशाची अट गेली, आणि लिनक्सच्या फ्लॉपी नि सीडी विकणारे उभे राहिले. त्यांतूनच पुढे आलेली रेड हॅट कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत लिनक्सशिवाय दुसरे काही नाही.

एक फट मात्र राहिली. सोर्स देण्याचे बंधन आहे ते प्रत दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यावर. बदललेला प्रोग्राम कंपनीने आपल्याच सर्व्हरवर चालवला आणि ग्राहकाला फक्त सेवा विकली, तर जीपीएल तिला काही विचारत नाही. आजचा बहुतेक धंदा याच प्रकारचा. ही फट बुजवणारा ग्नू अफेरो जीपीएल परवाना २००७ मध्ये आला. लिनक्स मात्र जीपीएलच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीवरच आहे. तो परवाना बदलणे आता टोरवाल्ड्सच्याही एकट्याच्या हातात नाही. ज्या हजारो जणांनी त्यात कोड लिहिला त्यांची संमती लागेल, आणि त्यांतले काही आता हयातही नाहीत.